प्लेट चांगली आली

सकाळी लॅबमध्ये इनक्युबेटर उघडला, रात्रभर जंतू वाढवलेली प्लेट काढली, झाकण न उघडता खालच्या बाजूनं उजेडात धरली आणि तोंडातनं निघूनच गेलं, "अगं भारी!" शेजारच्या टेबलावर पिपेट घेऊन बसलेली ज्युनियर उठून आली, तिनं बघितलं, तीपण म्हणाली भारी. मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती झोनच नव्हता, म्हणजे मोकळी जागाच नव्हती, जंतू पार डिस्कच्या कडेपर्यंत वाढलेले, वाटावं की त्यांना मध्ये औषध ठेवलंय हे कुणी सांगितलंच नाही. मी फोटो काढला, माझ्या गाइड मॅडमना पाठवला, त्यांचं एका मिनिटात उत्तर, "छलो बंदैती!", चांगली आली, आणि खाली अंगठा. मग वहीत नंबर लिहिला, प्लेट फ्रिजमध्ये ठेवली, हात धुतले आणि दुपारी बाहेर पायरीवर बसून डबा उघडला तर लाल भाजी. आमच्या काकांच्या वावरातली. आणि ती प्लेट ज्या बाटलीतल्या पाण्याची होती ती बाटली त्याच वावराच्या बांधावर उभं राहून मीच नाल्यात बुडवली होती.

मला आनंद नेमका कशाचा झाला होता?

भाजी खाल्ली मी, टाकली नाही. आईनं लसूण घालून चांगली परतली होती आणि उकळलेल्या, परतलेल्या भाजीत हे जंतू टिकत नाहीत, औषधाला दाद देत नसले तरी आचेला देतात, हे मला माहीत आहे. खरं म्हणजे भाजीनं काही झालं नाही, ते "भारी" घशात अडकलं. संध्याकाळी गाडीवरनं घरी येतानाही डोक्यात तेच.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुलर हिंटन नावाचं माध्यम असतं, त्यात मांसाचा अर्क, दुधातल्या प्रथिनाचं पाचन केलेलं द्रावण आणि स्टार्च, वर घट्ट व्हायला अगार. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधनं ते बाहेर काढलं की सगळ्या मजल्यावर वास सुटतो, आमच्यातला एक शुद्ध शाकाहारी सिनियर तेवढ्या वेळात बरोबर चहाला जातो. चार मिलिमीटर जाडीचा थर ओतायचा, गोठू द्यायचा, जंतूंचं पाणी कापसाच्या बोळ्यानं प्लेट फिरवत फिरवत तीन दिशांनी सारवायचं आणि वर चिमट्यानं कागदाच्या बारक्या पांढऱ्या डिस्क ठेवायच्या, सहा मिलिमीटरच्या, प्रत्येकीवर औषधाचं नाव नि मात्रा छापलेली. रात्रभर औषध अगारमध्ये पसरत जातं. औषध चालत असेल तर डिस्कभोवती स्वच्छ गोल राहतो, तो झोन. सकाळी व्हर्नियर घेऊन तो मोजायचा. मेरोपेनेमला २३ मिलिमीटर किंवा जास्त आला तर जंतू औषधाला बधतो, १९ किंवा कमी आला तर नाही. प्रत्येक वेळी सोबत एक कंट्रोल लावतो, एटीसीसी २५९२२ नावाचा, जगभरच्या लॅबमध्ये हाच एक ई. कोलाय वापरतात, त्याचा झोन बरोबर यायलाच पाहिजे, नाहीतर त्या दिवशीचं सगळं वाया. त्या सकाळी कंट्रोलचा झोन मोठा, गोल, काठ एकदम स्वच्छ. म्हणजे डिस्क ठीक, माध्यम ठीक, माझा हात ठीक. नाल्यातल्याचाच नव्हता. म्हणून तर आनंद झाला, बाकी काही चुकलं नाही याचाही त्यात वाटा होताच.

मेरोपेनेम हे काही मेडिकलमधनं दोन गोळ्या आणण्यातलं औषध नाही. ते शिरेतनं देतात, आयसीयूत, बाकीची थकल्यावर. ते नाल्यातल्या जंतूला ओळखीचं कसं झालं, हा माझ्या थिसिसचा प्रश्न.

बळ्ळारी नाल्याबद्दल बेळगावात कुणाला काय सांगायचं. येळ्ळूरकडनं, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातनं जातो, दर पावसाळ्यात चढतो, भात पाण्याखाली, दर वर्षी पेपरात तोच फोटो, फक्त फोटोतला माणूस बदलतो. जलपर्णी, निवेदन, पाहणी, परत जलपर्णी. मला त्यातलं लहानपणचं आठवतं ते म्हणजे बासमती फुलोऱ्यावर आल्यावर संध्याकाळी शिवारातनं येणारा वास, आणि वारा फिरला की त्याच्याच मागनं नाल्याचा. दोन्ही एकाच नाकात. आजी म्हणायची तिच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांपर्यंत नाल्यात म्हशी धुवायचे, मुलं पोहायची. मला ते खरं वाटायचं नाही, आता वाटतं. कारण शहर वाढलं कुठल्या बाजूला आणि त्याचं पाणी उतरतं कुठल्या बाजूला ते बांधावर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं, त्याला पीएचडी लागत नाही. भात निघाला की मागनं मसूर, वाटाणा, हरभरा, आणि ज्यांच्याकडं पाण्याची सोय त्यांची लाल भाजी, मेथी, कोथिंबीर, मुळा. पाण्याची सोय म्हणजे काहींची विहीर, काहींची मोटर थेट नाल्यावर. हे लपवून कुणी करत नाही, दुसरं पाणी नाही.

मी विषय निवडला तेव्हा मॅडमनी विचारलं होतं, "नीवु अल्लीदवरे अल्ला?" तू तिथलीच ना. मी हो म्हणलं आणि त्यांना बरं वाटलं, कारण तिथल्या लोकांशी मराठीत बोलायला कुणीतरी पाहिजेच होतं. संमतीपत्र इंग्लिश आणि कन्नडमध्ये छापलेलं, मी बांधावर बसून ते मराठीत सांगायचे, म्हातारी माणसं ऐकून घ्यायची, सही करायची नाहीतर अंगठा द्यायची आणि मग विचारायची, "कुणाची गं तू?" नाव सांगितलं की झालं, पुढचं सगळं सोपं. विहिरीत बादली सोडून पाणी काढून देणार, चहा पाजणार, वर मुळ्याची जुडी. मी निर्जंतुक केलेली बाटली उघडताना झाकण खाली ठेवायचं नाही, आतल्या कडेला बोट लावायचं नाही, प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून पाण्याच्या खाली बुडवायची, हे सगळं करत असते आणि काकू शेजारी उभी राहून म्हणते, "एवढं काय त्यात, घाणच हाय की." मग बर्फाच्या डब्यात बाटल्या, डबा गाडीच्या पुढं पायांमध्ये आणि होईल तेवढ्या लवकर लॅब, सहा तासांच्या आत लावून व्हायला पाहिजे. बर्फ मी मासळीवाल्याकडनं घेते. त्यालाही आता पाठ झालंय, "आज नाल्याचं का विहिरीचं?"

या सगळ्यात एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगितल्याशिवाय पुढं जावत नाही. जंतू वाढवायला अगार वापरायचं हे कुठल्या शास्त्रज्ञाच्या डोक्यातनं आलं नाही. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये वाल्टर हेस नावाचा एक डॉक्टर काम करायचा, त्याचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जंतू ते खाऊनच टाकायचे. त्याची बायको फॅनी, ती त्याला लॅबमध्ये मदत करायची, जंतूंची चित्रं काढायची. तिच्या जेली नि पुडिंग गरमीतपण घट्ट राहायच्या, त्यानं विचारलं कशामुळं, ती म्हणाली अगारमुळं, तिला ते जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडनं कळलं होतं. आपल्याकडं चायना ग्रास म्हणून किराणा दुकानात मिळतं तेच, समुद्रातल्या शेवाळाचं. कॉखनं पुढं क्षयाच्या जंतूच्या पेपरात अगारचा उल्लेख केला, हेस नवरा-बायकोचं नाव नाही घेतलं. मी प्लेट ओतते तेव्हा बऱ्याचदा तिचं नाव मनात येतं. शेजारणीकडनं आलेली गोष्ट, स्वैपाकघरातनं लॅबमध्ये गेली आणि दीडशे वर्षं होत आली तरी तिच्यापेक्षा बरं काही सापडलेलं नाही.

तर नाल्यातले जंतू. आधी ईएमबी नावाच्या प्लेटवर लावायचे, ई. कोलाय असेल तर त्याच्या ठिपक्यांवर हिरवी धातूसारखी चमक येते, गणपतीच्या मखराला लावायच्या हिरव्या बेगडीसारखी. दिसायला इतकं सुंदर असतं की नवीन आलेली प्रत्येक मुलगी त्याचा फोटो स्टेटसला ठेवते. मीपण ठेवला होता. आईनं विचारलं हे काय, सांगितलं तर म्हणाली, "शी, काढ ते." ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतातच, नाल्यात सापडले यात नवल नाही, मैलापाणी आहे म्हणून सापडतात. नवल ते किती शिकून आले याचं. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची गोळी खाल्ली तर त्यातला ४० ते ५० टक्के भाग जसाच्या तसा लघवीतनं बाहेर पडतो. आपल्या गल्लीत रोज कितीजण जुलाबाला, तापाला, दाढेला कसली कसली गोळी घेतात याचा हिशोब करा. मेडिकलवाला विचारतो "दोन दिवसाचं देऊ?" आणि आपण म्हणतो एकच दिवसाचं द्या, बघू. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-१ लागू आहे, त्यातली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दिलेली रजिस्टरला लिहायची. असो. घरातलं, दवाखान्यातलं, कोंबड्यांच्या शेडमधलं सगळं उतारानं खाली येतं, आणि एवढ्या गर्दीत जो जंतू तगला तो आपली विद्या स्वतःपुरती ठेवत नाही. प्लाझ्मिड म्हणून डीएनएचा एक सुटा गोल तुकडा असतो, तो शेजारच्याला देतो, शेजारचा वेगळ्या जातीचा असला तरी. जातीबाहेर देणंघेणं एवढं सहज चाललेलं मी आमच्या शिवारात तरी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

एनडीएम-१ हे नाव पेपरात वाचलेलं बऱ्याच जणांना आठवत असेल, मेरोपेनेमसारखी औषधं मोडून टाकणारं जंतूचं एन्झाइम, त्यातलं एनडी म्हणजे न्यू डेल्ही. २०१० मध्ये केवढा गदारोळ झाला होता, आपल्या राजधानीचं नाव जंतूच्या एन्झाइमला का दिलं म्हणून. ज्याच्यात ते पहिल्यांदा सापडलं तो पेशंट स्वीडनचा, भारतात येऊन गेलेला. नावाचं भांडण मला तेव्हाही कळलं होतं, आताही कळतं, कुणालाच आपल्या गावाचं नाव असल्या गोष्टीला नको असतं. खरं त्या भांडणात पुढच्या वर्षीचा अभ्यास झाकोळून गेला. दिल्लीत रस्त्यावर साचलेल्या, गटारातल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये त्या एन्झाइमचं जनुक सापडलं आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये. दवाखान्यातली गोष्ट दवाखान्याबाहेर आली हे त्यात पहिल्यांदा एवढं स्वच्छ दिसलं. माझ्या प्लेटमध्ये तेच जनुक आहे की दुसरं, ते पीसीआर, म्हणजे जनुक ओळखायची चाचणी, केल्याशिवाय मी सांगणार नाही. पीसीआरचे प्रायमर ऑर्डर केलेत, बिल कुठल्या हेडखाली टाकायचं यावर फाईल फिरतीय.

आता आईचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. गेल्या हिवाळ्यात तिला लघवीचा त्रास झाला, थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उतरला, परत चढला. शेवटी कल्चर करायला लावलं. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला तो मीच आणायला गेले आणि जिन्यातच उघडला. ई. कोलाय. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढं आर, आर, आर, आर, मग एक एस, परत आर. आर म्हणजे औषध चालत नाही, एस म्हणजे चालतं. मला त्या कागदावर अक्षरं दिसेनात, प्लेट दिसायला लागली. कुणीतरी माझ्यासारखीच एक मुलगी, सकाळी इनक्युबेटर उघडून, खालनं उजेडात धरून, व्हर्नियर लावून वाचत गेली असणार. तिच्या तोंडातनं काय निघालं असेल? मेरोपेनेमपुढं एस होता. मी जिन्यात बसले थोडा वेळ. मग आईला ॲडमिट केलं, सलाईनमधनं औषध गेलं, बरी झाली, आता नेहमीसारखी माझ्या लग्नावरनं बोलते.

नाल्यातले आणि आईचे जंतू एकच असं मी म्हणू शकत नाही. म्हणायचा मोह होतो, लेख लिहायला बसलं की जास्तच होतो, खरं त्याला दोन्हीकडच्या जंतूंचं सिक्वेन्सिंग करून बघावं लागेल आणि आईचा जंतू कधीच ऑटोक्लेव्हमध्ये गेला. म्हणून नाही म्हणत. एवढं मात्र म्हणते की व्हर्नियर तोच, डिस्क त्याच, आकडेही त्याच तक्त्यातले. जिन्यात मला झोन मोठा पाहिजे होता, लॅबमध्ये नको होता. नाल्याच्या सगळ्या प्लेटांवर मोठे मोठे झोन आले असते तर गावासाठी केवढी चांगली बातमी, आणि मॅडम म्हणाल्या असत्या, "नोडोण", बघू, दुसरे पॉइंट घेऊ. कारण काहीच सापडलं नाही असा पेपर घ्यायला कुणी बसलेलं नाही. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, सगळीकडं असंच आहे, आणि खोटं कशाला बोला, मलापण सापडायलाच पाहिजे होतं. चार वर्षं नाल्यात हात घालायचा आणि शेवटी सगळं ठीक आहे म्हणून घरी जायचं, याची तयारी माझी नव्हती. पण आपल्याच शिवारात सापडू नये असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे. लॅबमधली दुसरी एक जण खानापूरकडच्या जंगलातल्या गोचिडांवर काम करते, माकडतापासाठी. तिला विचारलं, तुला कसं वाटतं गं? ती म्हणाली, "पॉझिटिव्ह आलं की आधी खूश होते, मग कुठल्या वाडीतला नमुना ते बघते." क्रम असाच असतो वाटतं. आधी प्लेट, मग पत्ता.

काकांना सांगायचं की नाही यावर मी बरेच दिवस काढले. संमतीपत्रात लिहिलंय की निकाल कुणाच्या नावानं जाहीर होणार नाही, पॉइंटला फक्त नंबर. पण ज्याच्या बांधावरनं पाणी नेलं त्यानं विचारलं तर सांगायचं नाही असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या सांग, फक्त घाबरवू नको आणि जेवढं माहिती तेवढंच. रविवारी गेले. काका मेथी काढत होते, हाताला माती, जुड्या बांधायला केळीचं सोपट ओलं करून ठेवलेलं. ऐकून घेतलं सगळं, मध्ये एकदाही बोलले नाहीत, जुड्या चालूच.

"म्हंजे औषध लागू पडत न्हाई असले किडे."

"हो."

"आमी खायाचं का न्हाई मग?"

शिजवून खा म्हणलं, चांगलं शिजवून. भाजी धुताना नाल्याचं पाणी नको, विहिरीचं घ्या, तेपण शक्यतो उकळून गार केलेलं, आणि वावरात पायाला जखम असली तर गमबूट घाला. काढायच्या आधी थोडे दिवस नाल्याचं पाणी तोडता आलं तर बघा. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि कोथमीर? ती कोण शिजवतंय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांची कोथिंबीर पहाटे मार्केटला जाते आणि दहा वाजेपर्यंत सगळ्या बेळगावच्या पोह्यांवर असते, माझ्या मॅडमच्या उप्पीटावरसुद्धा.

मला वाटलं आता चिडतील, की आमच्या भाजीचं नाव खराब करायला निघालीस. तसं काही झालं नाही. मेथीची जुडी फेकली पाटीत, उठले, धोतराला हात पुसले नि म्हणाले चल. बांधाबांधानं चालत वर नेलं मला, दोन-तीन वावरं ओलांडून, जिथं सिमेंटचा मोठा पाइप नाल्यात उतरतो तिथं. मी तिथनं कधी नमुना घेतला नव्हता, कारण तिथं उतरायला वाट नाही आणि प्रोजेक्टमध्ये 'शेतजमिनीलगतचे पाणी' असं लिहिलंय. पाइपातनं कोमट पाणी येत होतं, वर फेस, आणि वास नाल्याच्या नेहमीच्या वासापेक्षा वेगळा, फिनेलसारखं काहीतरी.

"हितलं घेटलीस?"

"नाही."

"हितलं घे. आनी त्येच्यावर अजून एक हाय, त्यो बी घे. नुसतं आमच्या बांधावरचं घेऊन गेलीस तर पेपरात वडगावचं नाव येणार, भाजी आमची तशीच बुट्टीत राहणार, आनी ज्येचं पाणी हाय त्यो बसणार तिकडं एसीत. आमी काय शेतात किडं पेरत न्हाई."

यात शास्त्रात बसत नाही असं काहीच नव्हतं. वरचा पॉइंट नाही, खालचा आहे, मध्ये कुठं वाढलं ते कसं सांगणार, हा प्रश्न कुठल्याही परीक्षकानं व्हायव्हाला विचारलाच असता आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलले असते. सोमवारी मॅडमना नकाशा काढून दाखवला. त्यांनी आधी बजेटचं कारण सांगितलं, मग नकाशा परत बघितला, मग पाइपाच्या ठिकाणी पेननं स्वतःच दोन गोल केले. पाऊस लागायच्या आत घ्यायला पाहिजे, एकदा नाला चढला की वरचं खालचं सगळं एकच होतं. उतरायला काका शिडी देतो म्हणालेत. मेरोपेनेमच्या डिस्क किती मागवायच्या असं मॅडमनी विचारलं, मी लागतील त्यापेक्षा जास्तच सांगितल्या.